घोड्याची अक्कल आणि दूधवाल्याची गाडी

जुन्या अमेरिकन गाड्या म्हटलं की सोशल मीडियावर हटकून कॅडिलॅकचे फोटो पडतात. मागे माशासारखे पंख, चकचकीत क्रोम, खाली बदामांचा पाऊस. पडू देत. पण मला विचाराल, तर त्या देशातली सगळ्यात डोकं लावून बनवलेली जुनी गाडी दूधवाल्याची होती. नाव डिव्को.

आधी घोड्याचं ऐका. दूधवाल्याचा घोडा रोजच्या वाटेला इतका सरावलेला असे, की मालक बाटल्या घेऊन दारोदार फिरत असताना तो आपसूक गाडी ओढत पुढच्या घरापाशी जाऊन उभा राही. मोटार आली, वेग आला आणि ही सोय गेली. दर वीस पावलांवर चढा, बसा, गिअर टाका, थांबवा, उतरा. पहाटेच्या अंधारात, शेकडो वेळा.

हे दुखणं डेट्रॉइटच्या जॉर्ज बेकन नावाच्या इंजिनिअरनं ओळखलं. तो विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत होता. त्यानं आखलेली गाडी पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवरून, अशी चार जागांवरून चालवता यायची! पुढे पेट्रोल इंजिन आलं आणि १९२६ मध्ये डिव्को कंपनी उभी राहिली. १९३७ चं त्यांचं नकट्या नाकाचं ‘मॉडेल यू’ म्हणजे तर कमाल. उभ्यानं चालवायची गाडी. क्लच आणि ब्रेक एकाच पेडलवर, थोडं दाबलं की क्लच, आणखी दाबलं की ब्रेक. अ‍ॅक्सिलरेटर हाताशी. टेकायचंच असेल तर घडीची सीट. किरकोळ फेरफार सोडले तर हेच रूप १९८६ पर्यंत बनत राहिलं. पंखवाल्या कॅडिलॅकला दर वर्षी नवा साज लागायचा, हिला गरजच पडली नाही.

लॉस एंजेलिसच्या हेल्म्स बेकरीनं तर १९३१ पासून दुकानात पाव ठेवलाच नाही, सगळा माल गाडीतून. शिट्टी वाजली की पोरं धावायची, आणि लाकडी खण ओढला की आत डोनट. सुपरमार्केट आणि घरोघरचे फ्रिज यांनी ही सगळी दुनिया गिळली. हेल्म्स १९६९ मध्ये बंद पडली.

घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या यूपीएस कंपनीच्या तपकिरी गाड्या मात्र टिकल्या. तो रंग १९१६ चा, पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांवरून उचललेला. मळ दिसत नाही, हा व्यवहारी फायदा.

पण एक गोष्ट मला डाचते. माणसाचा पाय किती वेळा उचलला जातो हे मोजणाऱ्या या धंद्यानं त्याचा घाम कधी मोजलाच नाही. दूध नासू नये म्हणून गार राहणाऱ्या डिव्को १९४० च्या दशकातच रस्त्यावर होत्या. अमेरिकेच्या टपाल खात्यासाठी ग्रुमन कंपनीनं १९८७ पासून बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाड्यांत ड्रायव्हरला एसी नाही, आणि भर उन्हाळ्यात त्या पेटीत बसायचं. यूपीएसच्या कामगारांनी तर २०२३ मध्ये संपाची तयारी केली, तेव्हा कुठे करारात कलम आलं: १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या गाड्यांत एसी. आधीच्या हजारो गाड्या एसीविना फिरतायत.

दुधाचा नंबर माणसाच्या ऐंशी वर्षं आधी लागला.