टीव्हीचे नियामक होऊ इच्छिणाऱ्यांस

पुण्यात वाढलात म्हणजे दुसऱ्याला नियम लावायची हौस असणारच. ती सोसायटीच्या पार्किंगवर वाया घालवू नका, टीव्ही प्रसारणाचे नियामक व्हा. एकीकडे चॅनेलवाले, दुसरीकडे सिग्नल घरोघर पोचवणारे केबल आणि डीटीएचवाले, मध्ये तुम्ही. प्रेक्षक कुठेय म्हणाल तर तो बिल भरायला गेलाय.

आधी अ‍ॅनालॉग, म्हणजे बॉक्सशिवाय थेट वायरने येणारं जुनं केबल प्रसारण, बंद करायची तारीख जाहीर करा, पण तिच्यात जीव अडकवू नका. चार महानगरांची ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबर झाली. पुणे दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३. शेवटचा टप्पा सरकत सरकत मार्च २०१७ वर गेला आणि कुणाचं काही अडलं नाही. सेट टॉप बॉक्स सक्तीचा करताना चित्र स्वच्छ दिसेल एवढंच सांगा. अ‍ॅनालॉगमध्ये गल्लीत जोडण्या किती, तर केबलवाला वर कळवेल तेवढ्या; खरी गरज त्या जोडण्या मोजायची होती, हे प्रेक्षकाला सांगून काय उपयोग?

मग निवडीचं स्वातंत्र्य द्या. हे काम नाजूक आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत दिलं होतं तसं द्या: पहिल्या शंभर चॅनेलांसाठी नुसतं जोडणीचं भाडं १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. फुकटची चॅनेलं फुकटच, ती बघायचे तेवढे पैसे. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर जाऊ देऊ नका, पण पॅकवरच्या सवलतीला लगाम घालू नका. पुढचं आपोआप होतं. सदाशिव पेठेतल्या काकू चष्मा लावून, बॉलपेनने छापील यादीवर खुणा करत बसतात: मालिकांचं एक, बातम्यांचं एक, कीर्तनाचं एक. दारातला केबलवाला पायातली चप्पल न काढता म्हणतो, "काकू, सुटं महाग पडेल. पॅक घ्या, सगळं येतं." काकू पॅक घेतात. आता त्यांच्याकडे कार्टून आहे, इंग्रजी सिनेमे आहेत, कुस्ती आहे. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

चुकून प्रेक्षकाची बाजू घ्यावीशी वाटलीच तर २०२० सारखं करा, पॅकमधल्या चॅनेलच्या किमतीची मर्यादा १९ ची १२ करा. चॅनेलवाले कोर्टात जातील, तुम्ही मुदत वाढवत राहा, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा १९ करून मोकळे व्हा. १२ कुणाच्या बिलावर आलेच नाहीत, त्यामुळे कुणी चुकचुकणार नाही. नव्या दरांच्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल चॅनेलवाले तोडतील. फेब्रुवारी २०२३ मध्ये तोडले होते. पडदा काळा पडला की लोक गल्लीतल्या केबलवाल्या पोराला शिव्या घालतात, ज्याचा यात काडीचा संबंध नसतो. तुमचं नाव कुणी घेत नाही.

शेवटी जोडणीच्या भाड्यावरची मर्यादाही काढून टाका. २०२४ मध्ये काढलीच आहे, बाजार बघून घेईल. तोवर काकूंचा नातू बॉक्स कपाटावर टाकून सगळं मोबाइलवर बघायला लागला असेल. घाबरायचं कारण नाही. मोबाइलवरच्या टीव्हीचं काय करायचं यावर दीडशे पानांचा कन्सल्टेशन पेपर काढा आणि काकूंकडून हरकती मागवा. इंग्रजीत, ई-मेलने, शक्यतो परिच्छेद क्रमांकासह.