पहिली कोण ते राहू द्या, निगेटिव्ह कुठे आहेत?

८ मार्च आला की साडी नेसून स्पीड ग्राफिक कॅमेरा धरलेल्या होमाई व्यारावाला भारतातल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर हमखास येतात. पाठोपाठ दोन वाद. त्या खरंच भारतातल्या 'पहिल्या' महिला वृत्तछायाचित्रकार का? आणि आपले जुने फोटो अमेरिकेसारखे फुकट का मिळत नाहीत?

पहिल्या वादात फारसा दम नाही. जे. जे.त शिकलेल्या होमाईंचेच सुरुवातीचे फोटो पती माणेकशांच्या नावावर छापून येत. अशा जमान्यातल्या छापील अंकांवरच्या नावांवरून पहिला नंबर कोण आणि कसा काढणार?

दुसरा वाद मात्र इथून, अमेरिकेतून, वेगळा दिसतो. छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा 'मायग्रंट मदर' हा गाजलेला फोटो (निपोमो, कॅलिफोर्निया, १९३६) लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून कुणीही उतरवून घेऊ शकतं. यात औदार्य वगैरे काही नाही. लँग सरकारी पगारावर होत्या आणि केंद्र सरकारच्या नोकरीत केलेल्या कामावर इथे कॉपीराइट लागत नाही. मोठी टिफ फाइल घ्या आणि उजवा खालचा कोपरा बघा. तंबूचा खांब धरलेला अंगठा लँगनी १९३९ मध्ये रिटच करून घालवला, पण पुसट ठसा उरलाच. फोटोतल्या बाईचं नाव मात्र त्यांनी नोंदवलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव उजेडात यायला १९७८ उजाडलं.

याच देशात व्हिव्हियन मायरही झाल्या. शिकागोत लोकांची मुलं सांभाळत त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याने रस्ते टिपत राहिल्या. २००७ मध्ये गोदामाचं भाडं थकलं आणि सामान लिलावात गेलं: लाखावर निगेटिव्ह, शिवाय न धुतलेले शेकडो रोल. घेणाऱ्यांच्या हाती फिल्म आली, छापायचा हक्क आला नाही. कॉपीराइटवरून कज्जे झाले. भारतात तर २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवर काढणाऱ्याचा हक्क हयातभर अधिक ६० वर्षं चालतो. म्हणून जुन्या स्टुडिओचे डबे कुणी देत असेल तर हक्कांचं दोन ओळींचं पत्र त्याच दिवशी सहीनिशी घ्यावं. होमाईंचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. खासगी हातात गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी माळ्यावर तो किती टिकला असता याचा हिशेब करावा.

तो हिशेब असा. अ‍ॅसिटेट फिल्म (जुन्या निगेटिव्हचं नेहमीचं प्लास्टिक) २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत साधारण ४० वर्षांनी आंबायला लागते. मुंबईच्या दमटपणात त्याआधीच. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ती फिल्म लगेच वेगळी काढायची, कारण तिची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते. पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती निगेटिव्हला चिकटतात. आम्लरहित कागद किंवा पॉलिस्टर घ्यावं. बुरशी दिसली की पाण्याने धुवायला जाऊ नये, फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चित्र असतं, तो ओला झाला की चित्रही सुटून येतं. स्कॅन कडेसकट करावा, म्हणजे छापताना काय कापलं ते कळतं. ६ बाय ६ सेंटिमीटरच्या निगेटिव्हला २४०० डीपीआय (इंचाला २४०० ठिपके) पुरतं, बाजूला सुमारे ५,३०० पिक्सेल मिळतात. स्कॅन झाला म्हणून मूळ फेकू नये. फोटोतल्या माणसांची नावं, गाव आणि साल पाकिटावर पेन्सिलीने लिहावं, आणि तेही निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी. नंतर लिहिलं तर टोकाचा दाब फिल्मवर उमटतो.