नवा कोर्स नेमका कोण अडवतं? एका फिरत्या मजकुराला उत्तर

शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपमधून सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: जग दर सहा महिन्यांनी बदलतं, पण विद्यापीठात एक नवा पेपर सुरू करायचा तर दोन वर्षं जातात, कारण प्रस्ताव प्राध्यापकांच्या समित्यांमध्ये फिरत राहतो. या समित्या एक तर डोळे मिटून शिक्का मारतात, नाहीतर आपापले जुने विषय वाचवण्यासाठी नव्याला आडकाठी करतात. खासगी संस्था आठ दिवसांत कोर्स काढते. तेव्हा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या प्राध्यापकांच्या या समित्या, म्हणजे अभ्यास मंडळं, मोडीत काढा, काय शिकवायचं ते उद्योगांना ठरवू द्या, सही कुलगुरूंनी करावी आणि निवड विद्यार्थ्यांवर सोडावी.

‘अगदी मनातलं’ म्हणत अनेकांनी तो पुढे ढकलला. त्यामागची चीड मला समजते. पण त्यातले बहुतेक मुद्दे तपासायला घेतले की टिकत नाहीत, आणि सुचवलेला उपाय खरंच अमलात आला तर त्याची झळ प्राध्यापकांना नाही, विद्यार्थ्यांना बसेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘समित्या डोळे मिटून शिक्का मारतात.’

मंजुरीच्या बैठकीत काय चालतं हे बाहेर दिसत नाही, म्हणून एक प्रस्ताव जवळून पाहू. समजा, संगणकशास्त्र विभागाने तिसऱ्या सत्रासाठी ‘मशीन लर्निंगची ओळख’ असा चार श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) पेपर सुचवला. शीर्षक आकर्षक, घटक पाच, संदर्भग्रंथ ताजे. विभागात सगळ्यांना पसंत पडला. मंडळात तो आल्यावर गणिताच्या प्राध्यापिका विचारतात, दुसऱ्या घटकात मॅट्रिक्सचं विघटन आहे, पण त्यासाठी लागणारं रेषीय बीजगणित मुलं शिकतात चौथ्या सत्रात. मग तिसऱ्यात त्यांना हे कळणार कसं? रेषीय बीजगणित अलीकडे आणायचं तर दुसऱ्या सत्रातून काहीतरी हलवावं लागेल, आणि तिथल्या गणितावर भौतिकशास्त्राचा एक पेपर अवलंबून आहे. दुसरं कुणी तासांचा हिशेब मांडतं. युरोपात वापरल्या जाणाऱ्या श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तास धरतात, त्यात वर्गाबाहेरचा अभ्यासही आला. म्हणजे चार श्रेयांकांना 100 ते 120 तास. प्रस्तावात वाचन, सहा असाइनमेंट आणि एक प्रकल्प आहे. बेरीज दोनशेच्या घरात जाते. हे वरचे तास मुलं आणणार कुठून? दुसऱ्या पेपरच्या वाट्याचेच तोडून. मग मूल्यमापनाचं पान उघडतं. उद्दिष्टात लिहिलंय, ‘विद्यार्थी स्वतः मॉडेल तयार करून त्यातल्या चुका शोधू शकेल’, आणि परीक्षा मात्र पूर्ण बहुपर्यायी. चुका शोधता येतात की नाही, हे बहुपर्यायी प्रश्नांतून समजणार कसं? शेवटचा प्रश्न सगळ्यात साधा असतो: हा पेपर शिकवू शकणारी एकच व्यक्ती विभागात आहे, ती रजेवर गेली तर?

यातली एकही अडचण प्रस्ताव लिहिणाऱ्याच्या हलगर्जीपणातून येत नाही. आपल्या विषयात बुडालेल्या माणसाला शेजारच्या विषयाचं वेळापत्रक दिसत नाही, एवढंच. ते पाहायला शेजारी लागतात. वरून सही करणाऱ्या एकट्या अधिकाऱ्याला, तो कितीही हुशार असला तरी, हे सापडणार नाही.

शिवाय मजकुराच्या एकाच वाक्यात दोन आरोप आहेत: समित्या काही पाहत नाहीत, आणि समित्या फार खोडे घालतात. दोन्ही प्रकारच्या समित्या जगात असतील, हे मान्य. पण मग दोष विशिष्ट समितीचा झाला, पद्धतीचा नाही.

‘दोन वर्षं समित्यांमुळे जातात.’

इथे मजकुराने तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. असलेल्या पेपरातला एखादा घटक बदलणं, नवा पेपर आणणं आणि नवी पदवी सुरू करणं, या तिन्हींचा रस्ता सारखा नसतो. किरकोळ बदल अनेक विद्यापीठांत एकत्र यादी करून चर्चेशिवाय मंजूर होतात. नवा विषय पूर्ण मंजुरीआधी ‘विशेष विषय’ म्हणून एखाद-दोन सत्रं शिकवून पाहण्याची सोयही अनेक ठिकाणी आहे. खरा वेळ लागतो तो नव्या पदवीला, आणि त्यातला बराचसा प्राध्यापकांच्या टेबलावर जातच नाही. पदं मंजूर व्हायची असतात, प्रयोगशाळेला पैसे लागतात, व्यावसायिक पदवी असेल तर नियामक संस्थेची मान्यता लागते, आणि प्रवेशाची माहितीपुस्तिका छापण्याची तारीख चुकली की सगळं आपोआप पुढच्या वर्षावर जातं. प्राध्यापकांच्या समित्या उद्या बरखास्त केल्या तरी यातलं काही कमी होणार नाही.

तरी एक तक्रार खरी आहे आणि ती दडवण्यात अर्थ नाही. काही मंडळं महत्त्वाचं सोडून स्वल्पविरामांवर तास घालवतात. ‘संख्याशास्त्र’ हा शब्द दुसऱ्या विभागाच्या शीर्षकात आला म्हणून हरकतीचं पत्र पाठवणारे विभागही आहेत. त्या पत्रामागे विद्यार्थ्यांची काळजी नसते, आपल्या वर्गातली पटसंख्या असते. यावर उपाय आहेत: हरकत घ्यायला ठरावीक मुदत, मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती गृहीत, आणि नकार दिला तर लेखी कारण. हे नियम करायला कुणाचा अधिकार काढून घ्यावा लागत नाही.

‘प्राध्यापक नवं काही येऊ देत नाहीत.’

केंब्रिजमध्ये एड्सॅक हा संगणक 1949 साली चालू झाला. त्याच विद्यापीठाने 1953 साली संगणनाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. यंत्र येऊन चार वर्षं झाली होती, आणि या विषयाचे पदवीधर नावालाही नव्हते. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने 1962 साली संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला, आणि 1968 साली एसीएम या संगणक क्षेत्रातल्या संघटनेच्या समितीने या विषयाच्या पदवीत काय काय असावं याचा तपशीलवार आराखडा मांडला. एमआयटीत रासायनिक अभियांत्रिकीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम 1888 साली सुरू झाला तो लुईस नॉर्टन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने. नवा विषय पहिल्यांदा बहुधा त्यात संशोधन करणाऱ्याच्याच लक्षात येतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा शिकवणाराच असतो.

उलट दाखलेही आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 1828 पासून इंग्रजीचा प्राध्यापक होता, पण ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची ऑनर्स पदवी यायला 1894 साल उजाडलं, आणि विरोध करणाऱ्यांत तिथले अध्यापक होतेच. त्यांचं चुकलं, असंच मी म्हणेन. पण तो विरोध मोडला तोही तिथल्याच दुसऱ्या अध्यापकांनी वाद घालून.

‘सही वरिष्ठांनी करावी, म्हणजे काम लवकर होईल.’

दिल्ली विद्यापीठाचा दाखला फार जुना नाही. चार वर्षांच्या पदवीला तिथल्या विद्या परिषदेची, म्हणजे अभ्यासक्रमांना मंजुरी देणाऱ्या मंडळाची, मंजुरी मिळाली 24 डिसेंबर 2012 रोजी. जुलै 2013 मध्ये मुलं वर्गात बसणार होती. म्हणजे शेकडो पेपरांचे अभ्यासक्रम विभागांनी काही महिन्यांत लिहायचे होते. मंजुरी कागदोपत्री झाली. पेपरामागून पेपर शांतपणे तपासायला जो अवधी लागतो, तो मिळाला नाही. पुढे अध्यापक-विद्यार्थ्यांचा विरोध, विद्यापीठ अनुदान आयोगाचा आदेश, आणि जून 2014 मध्ये योजना मागे. आधीच प्रवेश घेतलेल्या तुकडीला मध्येच तीन वर्षांच्या पदवीत बसवावं लागलं. ती मुलं चार वर्षांचा विचार करून आली होती.

माघारीत राजकारणही होतं, हे खरं. चार वर्षांची पदवी ही कल्पना वाईट होती असंही माझं म्हणणं नाही. 2022 साली त्याच विद्यापीठात चार वर्षांचा आराखडा पुन्हा आला. माझं म्हणणं वेगाबद्दल आहे. परिषदेत वाचवलेले महिने शेवटी मुलांनी भरून दिले.

अधिकारांची वाटणी कशी असावी यावर अमेरिकेत 1966 सालीच एक निवेदन तयार झालं. ते प्राध्यापकांच्या संघटनेने एकटीने लिहिलेलं नाही. शिक्षणसंस्थांची परिषद आणि विश्वस्त मंडळांची संघटनाही त्यात होती. काय शिकवायचं आणि कसं, याची प्राथमिक जबाबदारी अध्यापकांची. व्यवस्थापनाने त्यांचा निर्णय फिरवायचा तो अपवादानेच, आणि कारणं कळवून. पैशाच्या प्रश्नावर व्यवस्थापनाचा शब्द वजनदार असतो आणि असायलाही हवा.

‘काय शिकवायचं ते उद्योगांना ठरवू द्या.’

उद्योगांचं ऐकायला कुणाचीच ना नाही. सल्लागार मंडळांवर त्यांची माणसं असतात. पण ऐकणं वेगळं आणि ठरवू देणं वेगळं. एके काळी वेबवरचं ॲनिमेशन म्हणजे फ्लॅश हे सॉफ्टवेअर, असं समीकरण होतं आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याचीच मागणी असे. ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला. ज्यांनी फक्त फ्लॅशची बटणं शिकवली, त्यांच्या विद्यार्थ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ज्यांनी हालचालीचं विश्लेषण, रेखांकन आणि प्रोग्रॅमिंगचा पाया शिकवून फ्लॅश साधन म्हणून वापरलं, त्यांची मुलं नव्या साधनाकडे वळली. कंपनीला येत्या वर्षीची भरती दिसते, आणि त्यात गैर काही नाही. पदवी मात्र पुढची चाळीस वर्षं वापरायची असते.

‘खासगी संस्था आठ दिवसांत कोर्स काढते.’

काढते, आणि एखादं कौशल्य शिकायला असे कोर्स उपयोगीही असतात. मात्र त्या कोर्सवर दुसऱ्या कुणी विसंबायचं नसतं. विद्यापीठाच्या श्रेयांकाचं तसं नाही. 1999 साली इटलीतल्या बोलोन्यात युरोपातल्या 29 देशांनी उच्च शिक्षणाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यामागे हाच विचार होता की एका देशातला अभ्यास दुसऱ्या देशात मोजला जावा. तिथल्या पद्धतीत 60 श्रेयांक म्हणजे वर्षभराचं पूर्णवेळ काम, 1500 ते 1800 तास, हे दुसऱ्या गावचं विद्यापीठ सहसा मान्य करतं, कारण हे तास आणि हा आशय कुणीतरी तपासला आहे असा त्याचा विश्वास असतो. तपासणी काढली तर बदली घेऊन जाणाऱ्या मुलीचा प्रत्येक पेपर तिथे नव्याने चाळला जाईल, आणि त्यात तिचं सत्र जाईल.

‘निवड विद्यार्थ्यांवर सोडा.’

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट 1869 साली अध्यक्ष झाले आणि त्यांनी हळूहळू सक्तीचे विषय जवळजवळ संपवले. त्यातून विज्ञान, आधुनिक भाषा, इतिहास यांना जागा मिळाली, हे त्यांचं मोठं काम. पण अनेक विद्यार्थी ओळखीपुरत्या, सोप्या पेपरांचा ढीग करून पदवी घेऊ लागले. 1909 साली अध्यक्ष झालेल्या लॉरेन्स लोवेल यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्यांत विस्तार अशी चौकट आणली. आज जगभर ‘मुख्य विषय आणि ऐच्छिक विषय’ अशी जी रचना दिसते, तिच्यात या धड्याचा वाटा आहे. निवड हवीच. पण यादीतला प्रत्येक पर्याय कुणीतरी तपासलेला असावा, कारण शिकण्याआधी विषयाची पारख करणं शिकणाऱ्याला शक्य नसतं.

एक गोष्ट मजकुरात आलीच नाही: पदवी बंद करणं. मंजुरी देणारी यंत्रणाच बंद करण्याचा प्रस्तावही तपासते, आणि तिथे पहिला प्रश्न असतो तो आत असलेल्या विद्यार्थ्यांचा. पुढची किती वर्षं कोणते पेपर चालू राहतील, नापास झालेल्यांची परीक्षा किती वेळा होईल, ती कोण घेईल. ही योजना लेखी आल्याशिवाय नीट चालणारी परिषद बंदीला परवानगी देत नाही. आठ दिवसांत निघालेला कोर्स आठ दिवसांत बंदही होऊ शकतो, आणि तेव्हा अर्ध्यावर असलेल्या मुलांच्या वतीने हे प्रश्न विचारायला तिथे कुणी नसतं.