सोपे इंग्रजी शब्द आणि न्यायालयातला त्यांचा अर्थ

कायद्याची इंग्रजी अवघड आहे अशी तक्रार आपण करतो, तेव्हा डोळ्यांपुढे लॅटिन वाक्प्रचार आणि अर्ध्या पानाची वाक्ये असतात. मला त्यांची तेवढी धास्ती वाटत नाही. लॅटिन शब्द दिसला की वाचणारा थबकतो आणि जाणकाराला विचारतो. जो शब्द शाळकरी मुलालाही येतो, तिथे मात्र कोणी थांबत नाही आणि नेमके तिथेच फसायला होते. व्हेजिटेबल, पर्सन, इंज्युरी, कम्प्लेंट, गुड फेथ या शब्दांसाठी कोणी शब्दकोश उघडत नाही. पण आपल्या देशात यातल्या प्रत्येकावर वाद झाले आहेत किंवा त्याची स्वतंत्र व्याख्या करावी लागली आहे.

सुरुवात अकोल्याच्या विड्याच्या पानांपासून करतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात 'व्हेजिटेबल्स'ना करमाफी होती. त्याच यादीत विड्याच्या पानांनाही वेगळी नोंद करून माफी दिलेली होती. ती नोंद पुढे दुरुस्ती करून वगळण्यात आली. अकोल्याच्या एका पान व्यापाऱ्याचे म्हणणे असे की, पान ही वनस्पतीच आहे, म्हणजे ती व्हेजिटेबल झाली आणि तिच्यावर कर बसू शकत नाही. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हा युक्तिवाद टिकलाही असता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो फेटाळला. करकायद्यातला नेहमीचा शब्द शास्त्रज्ञाच्या अर्थाने घ्यायचा नाही, घेणारा आणि विकणारा त्याला जो अर्थ देतात तोच घ्यायचा. परसबागेत पिकते आणि जेवणाच्या पानात येते ती भाजी, असे न्यायालयाचे म्हणणे होते. विड्याचे पान जेवणानंतर येते, ही गोष्ट कोणत्याही वऱ्हाडी माणसाने न्यायाधीशांना फुकटात सांगितली असती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये टोमॅटोबाबत हेच केले होते. शास्त्रानुसार ते फळ असले तरी लोक ते मुख्य जेवणात भाजीसारखे खातात, म्हणून आयातशुल्कापुरते ते भाजीच ठरले.

हा नियम मला मनापासून पटतो. ज्याने कर भरायचा त्याला कळणाऱ्या अर्थानेच कराचा कायदा वाचला जावा, यात एक साधा न्याय आहे. पण हा नियम 'लोक काय म्हणतात' एवढ्यावर उभा असल्यामुळे पुढचा प्रश्न टळत नाही: कोणते लोक? खोबरेल तेलाच्या खटल्यात हा प्रश्न समोर आला. लहान बाटल्यांतून आणि पाकिटांतून विकले जाणारे शुद्ध खोबरेल तेल हे खाद्यतेल मानायचे की केसांचे तेल, यावर उत्पादन शुल्क खाते आणि उत्पादक वर्षानुवर्षे भांडत होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की, केवळ बाटली लहान आहे म्हणून तेल केसांचे ठरत नाही. प्रश्न पैशांचा होता, कारण पुढे आलेल्या जीएसटीतही तेव्हा खाद्यतेलावर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर १८ टक्के कर होता. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या घरात विचारा, खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचे तेल. केरळात विचारा, ते फोडणीचे तेल आहे, आणि गोव्यातल्या कित्येक स्वयंपाकघरांतही तेच उत्तर मिळेल. एवढ्या मोठ्या देशात 'सामान्य माणसाचा अर्थ' एकच असेल असे धरून चालणे ही मुळातच धाडसाची गोष्ट आहे.

बाजारात ठीक चालणारा हा नियम हक्कांच्या प्रश्नात आणला की तो किती निष्ठुर होतो, हे 'पर्सन' या शब्दावरून दिसते. रेजिना गुहा यांनी १९१६ मध्ये वकिलीची सनद मागितली. १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात 'पर्सन' असा शब्द होता आणि केंद्रीय कायद्यांतला पुल्लिंगी शब्द स्त्रीलाही लागू होतो, असे केंद्रीय कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ लावण्याचे नियम सांगणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये लिहिलेले होते. तरीही कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना सनद नाकारली. कारण असे की, तो कायदा झाला तेव्हा स्त्री वकिली करील ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती आणि म्हणून त्या संदर्भात 'पर्सन' म्हणजे पुरुषच. मराठी वाचकाला जवळचे नाव कॉर्नेलिया सोराबजी यांचे. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा. त्यांना अलाहाबाद उच्च न्यायालयाने वकील म्हणून प्रवेश दिला तो १९२१ मध्ये. सबंध देशातली अडचण दूर करण्यासाठी १९२३ मध्ये स्वतंत्र कायदाच करावा लागला. गंमत अशी की, ज्या जनरल क्लॉजेस अॅक्टचा आधार रेजिना गुहा यांना मिळाला नाही, त्यातल्या व्याख्येप्रमाणे 'पर्सन'मध्ये कंपनीही येते. आणि १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, देवाच्या मूर्तीलाही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व मान्य केले. कॅनडाच्या सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, नेमण्यास पात्र 'पर्सन्स'मध्ये स्त्रियाही येतात, हे त्याच प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले ते १९२९ मध्ये. भाजी कशाला म्हणायचे हे बाजाराला विचारावे, पण माणूस कोणाला म्हणायचे हे रूढीला विचारू नये, कारण तिथे रूढी स्वतःच वादातली एक बाजू असते.

आता उलट टोक पाहू. संविधानाच्या १२४ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक करताना 'कन्सल्टेशन' करावे असे म्हटले आहे. आपण त्याला सल्लामसलत म्हणू. सल्ला घेणारा तो मानायला बांधलेला नसतो, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असते. संविधान सभेत सरन्यायाधीशांची संमतीच आवश्यक करावी अशी सूचना आली होती. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिले की, असे करणे म्हणजे सरन्यायाधीशांना जवळजवळ नकाराधिकार देणे होईल आणि तेही धोक्याचेच आहे. १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही 'कन्सल्टेशन' म्हणजे संमती नव्हे असेच धरले. १९९३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ फिरवला आणि नेमणुकांत सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले. राष्ट्रपतींच्या विचारणेवर न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेल्या अभिप्रायाने नेमणुकांसाठी नावे सुचवणाऱ्या, सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती यांच्या कॉलेजियमला आजचे रूप आले. सरकारच्या हाती नेमणुका एकवटल्या तर काय होते, हे आणीबाणीच्या काळात दिसले होते आणि न्यायालयाची काळजी निराधार नव्हती, हे मी मान्य करतो. तरीही त्या शब्दाचा अर्थ ओढूनताणून काढला गेला, असे माझे मत आहे. अकोल्याच्या पान व्यापाऱ्याला नेहमीच्या अर्थाशी बांधून ठेवणाऱ्या न्यायालयाने स्वतःच्या बाबतीत थोडी अधिक मोकळीक घेतली, असे म्हणायला हरकत नसावी.

ही झाली न्यायाधीशांनी ठरवलेल्या अर्थांची गोष्ट. कायदा स्वतःच व्याख्या करतो तिथे भानगड कमी असायला हवी, पण वाचणारा व्याख्येच्या कलमापर्यंत पोहोचतच नाही. भारतीय दंड संहितेत (आणि आता तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही) 'इंज्युरी' म्हणजे शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोचवलेली कोणतीही हानी. शारीरिक वेदना, आजार किंवा दुर्बलता आणण्यासाठी शब्द आहे 'हर्ट'. नेहमीच्या इंग्रजीत मन 'हर्ट' होते आणि गुडघ्याला 'इंज्युरी' होते. संहितेत मनाची हानी 'इंज्युरी'त मोडते आणि 'हर्ट' शरीरापुरताच राहतो. 'कम्प्लेंट'चेही तसेच. पोलीस ठाण्यात जाऊन आपण जे देतो त्याला सगळे कम्प्लेंट म्हणतात, पण फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात 'कम्प्लेंट' म्हणजे दंडाधिकाऱ्याने कारवाई करावी म्हणून त्याच्यापुढे केलेला आरोप, आणि पोलिसांचा अहवाल त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. खरेदीखतातले 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, मोबदला. भाडेपट्टा 'डिटर्माइन' झाला म्हणजे तो ठरला नाही, संपला.

इथे मराठीची बाजू बरी आहे, हे नमूद केले पाहिजे. 'मोबदला', 'फिर्याद', 'दुखापत', 'जबर दुखापत' हे शब्द आपल्याकडे कोर्टकचेरीत मुरलेले आहेत, आणि ते वाचणाऱ्याला निदान एवढे तरी सुचवतात की हा मामला रोजच्या बोलण्यातला नाही. पण संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज मुळात इंग्रजीत चालते, आणि राज्याच्या विधिमंडळाने कायदा इंग्रजीखेरीज अन्य भाषेत केला तरी राजपत्रात प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवादच अधिकृत पाठ समजला जातो. म्हणजे मुंबईत मराठीत संमत झालेल्या कायद्यातील मराठी शब्दाचा वादही शेवटी इंग्रजी शब्दावर जाऊन ठेपतो. हे सोपे इंग्रजी शब्द आपल्याला परके म्हणून बाजूला सारता येत नाहीत, ते यामुळेच.

सर्वांत जास्त राग मला 'गुड फेथ'चा येतो. जनरल क्लॉजेस अॅक्ट म्हणतो की, एखादी गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल, मग ती निष्काळजीपणे केलेली असो वा नसो, ती गुड फेथने केली असे मानावे. दंड संहिता म्हणते की, योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट गुड फेथने केली असे म्हणता येणार नाही. दोन शब्द तेच, देश तोच, अर्थ मात्र जवळजवळ विरुद्ध. याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. दंड संहितेखाली गुड फेथचा बचाव घेणाऱ्या डॉक्टरला आपण काळजी घेतली होती हे दाखवावे लागते. उलट कित्येक केंद्रीय कायद्यांच्या शेवटी अधिकाऱ्यांनी गुड फेथने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे कलम असते, आणि त्या कायद्याने वेगळी व्याख्या केली नसेल तर तिथे पहिला, सैल अर्थ लागू होतो. हलगर्जी पण प्रामाणिक अधिकारी त्या कलमाआड सुरक्षित राहू शकतो. कायदा वाचणाऱ्या नागरिकाला याचा पत्ता लागण्याचा मार्गच नाही, कारण त्या अर्थाची किल्ली त्याच्या हातातल्या कायद्यात नसून १८९७ च्या दुसऱ्याच कायद्यात ठेवलेली आहे.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, विखुरलेल्या व्याख्या एका कलमात आणल्या, आणि वसाहतकालीन कायदे मागे टाकल्याचे सरकारने आवर्जून सांगितले. 'गुड फेथ'ची व्याख्या मात्र १८६० मधल्या शब्दांतच नव्या संहितेत आली आहे आणि जनरल क्लॉजेस अॅक्टमधली तिची विरुद्ध व्याख्याही जागच्या जागी आहे. त्या दोहोंपैकी एकीसाठी निराळा शब्द योजायला एक दुरुस्ती पुरली असती.