सोनं करायचंय? आधी पुस्तक छापा

लग्नसराई तोंडावर आली, सराफाच्या पाटीवरचा आकडा वाचून तुमचे डोळे पांढरे झाले आणि आता घरीच सोनं करावं असं मनात आलं, तर एक ऐका. भट्टीच्या नादी लागू नका. युरोपात भट्ट्या फुंकता फुंकता लोकांची घरंदारं गेली. त्याच लोकांची पुस्तकं मात्र आज लिलावात भाव खातात. कागदाचं सोनं करायची किमया तेवढी खरोखर साधलेली आहे, तेव्हा तुम्हीही पुस्तकच काढा.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. स्वतःचं अजिबात घालू नका. १५९९ मध्ये जर्मनीत आइसलेबेनला योहान थोल्डे नावाच्या गृहस्थांनी ‘बारा किल्ल्यां’चा, म्हणजे किमयेच्या बारा चाव्यांचा ग्रंथ काढला. थोल्डे मिठाच्या धंद्यातले. मीठवाल्याच्या नावावर सोन्याचं पुस्तक कोण घेणार? म्हणून लेखक झाले बासिलियस व्हॅलेंटिनस, जुन्या काळचे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संघातले साधू. या साधूंचा एकाही मठात पत्ता लागलेला नाही, आणि बऱ्याच अभ्यासकांचा संशय खुद्द थोल्डेंवरच आहे. पण साधू नसण्याचा फायदा बघा ना: वाचक तक्रार घेऊन जाणार कुठे?

दुसरी गोष्ट, भाषा. पाककृती लिहितो तसं लिहाल तर बुडालात. थोल्डेंच्या पहिल्या किल्लीत राजाला भुकेल्या करड्या लांडग्यापुढे टाकायला सांगितलंय. लांडग्याने राजा गिळला की लांडगा जाळायचा, म्हणजे राजा उजळून बाहेर येतो. असं तीनदा करायचं. गंमत म्हणजे ही थाप नाही. राजा म्हणजे सोनं आणि लांडगा म्हणजे अँटिमनी या धातूचं खनिज, आपल्याकडे ज्याला सुरमा म्हणत तेच. वितळलेल्या सुरम्यातलं गंधक सोन्यातलं तांबं-चांदी ओढून घेतं, सोनं अँटिमनीसकट तळाशी बसतं, मग जाळ दिला की अँटिमनी धूर होऊन उडते आणि चोख सोनं उरतं. कृती अस्सल आहे. अट एवढीच की सोनं आधी तुमच्याकडे पाहिजे, आणि शेवटी उरतं ते घातल्यापेक्षा कमीच.

अर्पणपत्रिका लिहिताना मात्र बेताने. १५१५ मध्ये व्हेनिसला जोव्हान्नी आउगुरेल्लीने सोनं करण्यावर लॅटिनमध्ये अख्खं काव्य छापलं आणि ते पोप दहाव्या लिओला वाहिलं. पोपने बक्षीस म्हणून एक थैली पाठवली, रिकामी. ज्याला सोनं करता येतं त्याला ठेवायला जागा तेवढी हवी, असा निरोप. गोष्ट बहुधा रचलेली आहे, पण रचणाऱ्याला पोप आणि कवी दोघेही नीट ठाऊक होते. तुम्ही आमदारसाहेबांना अर्पण करणार असाल तर थैलीचीही अपेक्षा धरू नका.

आणि खरोखरचा उस्ताद व्हायचं असेल तर शब्दच गाळा. १६७७ मध्ये फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात ‘म्यूतुस लीबेर’ हे किमयेचं पुस्तक निघालं. म्यूतुस लीबेर म्हणजे मुकं पुस्तक. पंधरा चित्रं, आणि पहिल्या पानावरचा लॅटिन मजकूर सोडला तर जवळजवळ काही लिहिलेलंच नाही. मुद्रितशोधनाचा खर्च वाचला! पहिल्या चित्रात एक माणूस दगडावर डोकं टेकून झोपलाय आणि शिडीवरून देवदूत त्याच्या कानाशी कर्णे फुंकताहेत. चौथ्या चित्रात शेतात खुंट्यांवर चादरी ताणल्यात, बाजूला मेंढा आणि बैल, आणि पुढे एक नवराबायको दवाने भिजलेली चादर दोन टोकांना धरून परातीत पिळताहेत. बाईंनी पदर खोचायचा तेवढा राहिलाय. हुबेहूब आपल्याकडची धुणं वाळत घालायची वेळ.

मेंढा-बैल म्हणजे मेष-वृषभ, म्हणजे आपला चैत्र-वैशाख. तिकडे तेव्हा दव पडत असेल. तुम्ही अकोल्याच्या गच्चीवर वैशाखात पहाटे चादर पसरलीत तर पिळून निघेल तो तुमचाच घाम. पण म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. चौदाव्या चित्रात तळाशी सगळी सोय करून ठेवली आहे. लॅटिनमध्ये लिहिलंय: प्रार्थना कर, वाच, वाच, वाच, पुन्हा वाच, कष्ट कर, म्हणजे सापडेल. नाही सापडलं, तर तुम्ही चौथ्यांदा वाचताना झोपला होतात किंवा प्रार्थनेत मन नव्हतं. लेखकाचा काय दोष, तो तर बोललाच नाही.

तुमच्या पुस्तकात हे वाक्य पाहिजेच. शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टायपात. आणि चादर पिळायचं चित्र काढून घ्यायचं असेल तर घरची नवी चादर नेऊ नका. बायको विचारेल, सोनं किती निघालं, आणि तिला ‘पुन्हा वाच’ सांगायची तुमची छाती होणार नाही.