गाडी दाखवा म्हटलं तर राग कसला येतो?

जुनी गाडी विकायला काढायची, पैसे एकरकमी मागायचे, आणि घेणाऱ्यानं नीट बघतो म्हटलं की तोंड वाकडं करायचं. आज दिवसभर डोकं फिरलंय माझं. जेवण झालं, तरी डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. सकाळपर्यंत थांबलो तर राग उतरेल आणि हे बोलायचं राहून जाईल.

भाच्याला स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यायचीय. संभाजीनगरजवळ वाळूजला त्याचं दोन सीएनसी मशीनचं जॉबवर्क आहे. कोणाच्या एक रुपयाला मिंधा नाही. जालन्यात एक गाडी असल्याचं कळलं. मधला माणूस म्हणाला, "पाहुण्यातलीच गाडी आहे, डोळे झाकून घ्या." साडेसोळा लाखांची वस्तू आणि डोळे झाकून घ्या!

मी आदल्या रात्रीच गाडीवाल्याला फोन करून सांगितलं होतं, आम्ही दहा वाजेपर्यंत येतो, तोवर गाडी सुरू करू नका. हो हो म्हणाला. पोचलो आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी बोनेटवर हात ठेवला, तर चटका बसावा इतकं गरम. रेडिएटरचा पंखाही चालू होता. म्हणाला, पोरीला क्लासला सोडून आलो. असेल बाबा, पोरीला क्लास असू शकतो. पण घरात दुसरी गाडी उभी होती, दारात स्कूटर होती, आणि नेमकी हीच गाडी आजच काढायची होती?

थंड इंजिन का बघायचं, तेही सांगतो. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली उतरलेलं असतं. सकाळी पहिला स्टार्टर मारला की पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिन सगळं बोलून जातं. टायमिंगची साखळी सैल असेल, ती ताणून धरणारा टेन्शनर थकला असेल, तर खडखड ऐकू येते. व्हॉल्वचे सील गेले असतील तर सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. एकदा गरम झालं की यातलं बरंचसं झाकून जातं. टर्बोच्या गाडीत तर हे बघितल्याशिवाय पुढं बोलूच नये.

काही जण म्हणतील, चार दारं, मागं एवढी मोठी डिक्की, ही कसली स्पोर्ट्स कार? बरं, नका म्हणू. पण दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएसची ताकद, ३५० न्यूटन मीटरचा टॉर्क. २०१७ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम पंचवीस लाखांच्या आत होती. त्या पैशात दुसरं काय मिळत होतं सांगा. आणि ऑक्टाव्हिया आपल्याला परकी नाही. २००१ पासून इथंच, शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात जुळायला लागली ती. माझे दाजी शेंद्र्यातच दुसऱ्या कंपनीत होते. सुट्टीच्या दिवशी, भाचा लहान असताना, त्याला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून त्या गेटसमोरून चक्कर मारायचे. नंबर नसलेल्या नव्या कोऱ्या गाड्या ट्रेलरवर चढायच्या, आणि हा हट्ट धरून तिथंच थांबायचा. दाजी आता नाहीत. पोरगं मशीनच्या आवाजात रात्रपाळ्या करून त्याच गाडीपाशी आलंय. त्याचे पैसे असे कोणाच्या घशात जाऊ देणार नाही मी.

तर जालन्याचं ऐका. पेंटची जाडी मोजायचं यंत्र मी सोबत नेलं होतं. छोटंसं असतं, खिशात मावतं. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. बोनेट, पुढची दारं, छत, सगळीकडे ११०, १२५, १३० असं येत होतं. मन खूश झालं माझं. मागच्या डाव्या दारावर लावलं, ४२०. त्याच्या मागच्या पॅनेलवर ६०० च्या वर. गाडीवाला म्हणाला, "स्क्रॅच आला होता, म्हणून पेंट केला." नुसता एक हात रंग मारला तर आकडा दोनशे-अडीचशेच्या आसपास राहतो. सहाशे म्हणजे खाली पुट्टी भरलीय. पुट्टी भरलीय म्हणजे पत्रा आत गेला होता.

मग डिक्की उघडली. गालिचा उचलून स्टेपनी बाहेर काढली. स्टेपनीच्या खड्ड्यात डाव्या बाजूला पत्र्याला सुरकुती. उजव्या बाजूच्या जोडावर कंपनीचं सीलंट एकसारखं, यंत्रानं ओढलेलं. डाव्या बाजूला ब्रशनं फासलेलं, ब्रशचा एक केससुद्धा त्यात चिकटून वाळलेला. भाच्याला म्हटलं, इथं बोट फिरवून बघ. त्यानं फिरवलं. काही बोलला नाही.

ठोकलेली गाडी विकू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. रस्त्यावर गाडी चालते, ठोकर बसते. चांगल्या डेंटरनं, जिगवर, म्हणजे बॉडी सरळ करायच्या चौकटीवर लावून, नीट माप काढून सरळ केलेली गाडी पुढं धडधाकट चालते. पण मग तसं सांगा. किंमत त्या हिशेबानं धरा. बिलं दाखवा. यानं तर फोनवर छातीठोक सांगितलं होतं, "एकही क्लेम नाही." मी इन्शुरन्सचा कागद मागितला. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, शून्य! तीन वर्षांपासून गाडी याच्या नावावर. क्लेम नसता तर बोनस दरवर्षी चढत जातो, २० टक्के, मग २५, मग ३५. मध्ये पॉलिसी फार दिवस बंद पडली तरी तो शून्य होतो, हे मान्य. पण तसंही तो म्हणाला नाही. विषय बदलून चहा सांगितला.

आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच. "कर्ज फिटलंय, कागद आणायचे राहिलेत." कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आरटीओत द्यायला काय अडचण असते? बोजा उतरला नाही तर गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन काय लोणचं घालायचं? मित्रांनो, टोकन द्यायच्या आधी परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघत जा. कितवा मालक, बोजा आहे का, चलान किती थकलेत, सगळं घरबसल्या कळतं.

एवढ्यावर मी शांत होतो, खरंच. म्हटलं गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारा स्कॅनर लावून बघू आणि माझ्या ओळखीच्या गॅरेजला लिफ्टवर घेऊ. तर हा माणूस उसळला. "स्कॅनरनं सेन्सर उडतात. वीस जण बघून गेले, कुणी एवढी चिरफाड केली नाही. विश्वास नसेल तर कशाला आलात? स्वतःला मिस्त्री समजायलात का?"

मिस्त्री समजायलात का! जसं काही मिस्त्री असणं ही शिवी आहे. याच माणसाची गाडी कोणत्यातरी मिस्त्रीनंच ठोकून-ठाकून रस्त्यावर आणलीय ना?

स्कॅनरनं काही उडत नाही. स्टेअरिंगखाली त्यासाठीच सॉकेट दिलेलं असतं. आणि सगळे फॉल्ट कालच पुसून टाकले असतील तर तेही कळतं, कारण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या दिसतात, त्या पुऱ्या व्हायला बरंच चालवावं लागतं. मीटर पाडला, म्हणजे किलोमीटर कमी करून ठेवले असतील तरी कधीकधी सापडतं, मीटर सोडून दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलमध्ये जुने किलोमीटर राहिलेले असतात. म्हणून तर नको असतो स्कॅनर.

त्याला काय दाखवायचं होतं माहितीये? वेग. "चला, समृद्धीवर एकशेऐंशीला नेतो, मग बोला." समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, हे एक. आणि टायरवर आठवडा-वर्षाचा आकडा बघितला तर १८१९. म्हणजे २०१९ च्या अठराव्या आठवड्यातला टायर, रबर दगडासारखं. त्या टायरवर, तापलेल्या काँक्रीटवर, माझ्या बहिणीचा एकुलता एक पोरगा शेजारी बसवून तो १८० ला नेणार होता. हे लिहितानासुद्धा हात थरथरतोय.

सरळ रस्त्यावर पळवून काही कळत नाही. असल्या गाडीची परीक्षा गर्दीत, मुंगीच्या चालीनं घ्यायची. डीएसजीला, म्हणजे तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका येतो का, चढावर रिव्हर्स घेताना थरथरते का, स्पीडब्रेकरवर खालचे सस्पेन्शनचे बुश वाजतात का. आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलातल्या क्लचचा असतो. त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. त्याचं बिल नसेल तर ते काम झालंच नाही असं धरून चाला. याच इंजिनाच्या वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या जागी कूलंट पाझरतं, वाळलं की गुलाबीसर पापुद्रा दिसतो. हे बघायलाच टॉर्च लागतो, लिफ्ट लागते. आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या मराठवाड्यात किती घरादारांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघत जा. वरचा पट्टा चकाचक करतात, आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ तशीच असते.

आमचे आण्णा हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायचे तेव्हा जबडा उघडून दात बघायचे, खूर दाबायचे, चालवून बघायचे. विकणारा स्वतः जबडा उघडून धरायचा. पाहुण्याचा बैल असला तरी. विश्वास नाही का, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. हे मोटारीतच कुठून आलं?

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्याचा आवाज चढला तसा भाचा हळूच म्हणाला, "मामा, जाऊ द्या ना." सहाशे मायक्रॉन त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते, सुरकुतीवर स्वतः बोट फिरवलं होतं, आणि तरी लाज त्यालाच वाटत होती! खोटं बोलणारा छाती काढून उभा आणि पैसे मोजणारा खाली मान घालून. परत येताना बदनापूरपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

विकणाऱ्यांचंही एक खरं आहे. नुसते टाइमपास करणारे येतात, चार मित्र भरून आणतात, गाडी पिदवतात, रील काढतात आणि फोन उचलत नाहीत. वैताग येतो त्याचा. मग टेस्ट ड्राइव्हच्या आधी टोकन घ्या, लेखी द्या, आम्ही कुठं नाही म्हणतो.

हे लिहिता लिहिता आत्ताच ताईचा फोन येऊन गेला. त्या मधल्या माणसानं तिला फोन केला होता. "तुमच्या भावानं चार माणसांत आमची इज्जत काढली, पोराचं जमत आलेलं काम मोडलं." ताई बिचारी मलाच विचारतेय, एवढं ताणायची गरज होती का रे? काय सांगू तिला? तुझ्या पोराच्या पाठीमागचा पत्रा पुट्टीचा आहे, असं? ज्यानं सौदा झाल्यावर दोन्हीकडून टक्का घेतला असता, तो आता आम्हाला इज्जत शिकवणार!

आणि हे बघा, मध्यस्थाला आपण न कुरकुरता टक्का देतो. जो मेकॅनिक दोन तास गाडीखाली झोपून, अंगावर तेल घेऊन आपले दोन लाख वाचवतो, त्याला मात्र चहा पाजतो आणि "येतो रे" म्हणून निघतो. आपल्या संभाजीनगरनं २०१० मध्ये एका दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींच्या, देशभर नाव झालं. अभिमान मलाही आहे. पण त्याच शहरात तपासणीचे दोन हजार मागितले तर लोक गॅरेजवाल्याकडं चोर असल्यासारखं बघतात. माझा मेकॅनिक मित्र आता जुन्या गाड्या बघायला जायचंच बंद झालाय. म्हणतो, वाईट सांगितलं की विकणारा शिव्या देतो, चांगलं सांगितलं आणि वर्षानं काही निघालं की घेणारा शिव्या देतो. त्याचं दुसरं म्हणणंही बरोबर आहे, तपासलेली गाडीसुद्धा पुढं बिघडू शकते. मशीन आहे ते. पण निदान जे आज दिसतंय ते तरी बघून पैसे मोजावेत की नाही?

ताईला मी सांगितलंय, पोराचं काम मोडलेलं नाही. पुण्यात एक आरएस आहे, पहिल्याच मालकाकडं. फोनवर मालकांना सरळ विचारलं, लिफ्टवर घेऊ द्याल का, स्कॅनर लावू द्याल का. ते म्हणाले, सकाळी आठच्या आत या, तोवर मी गाडी काढत नाही, सर्व्हिसची फाइल तयार ठेवतो. रविवारी पहाटे आम्ही दोघं निघतोय. चिंचवड-निगडीच्या बाजूला डीएसजीतलं कळणारा आणि रविवारी सकाळी तासभर लिफ्ट देणारा कोणी मेकॅनिक माहीत असेल तर मला इनबॉक्स करा. त्याची जी फी असेल ती आधीच पाठवतो.