मंडळावर कोणाले घ्यायचं ते नंतर, आधी घेणार कधी ते सांगा

परवा कट्ट्यावर विषय निघाला होता फुटपाथचा अन् गाडी जाऊन थांबली दिव्यांग सल्लागार मंडळावर. गज्या म्हणे, मेट्रो स्टेशनात लिफ्ट आहे, एकदम झकास, पण खाली उतरलो की फुटपाथवर चढायला रॅम्प नाही अन् जिथं आहे तिथं लोकांनी गाड्या लावून ठेवल्या, मग काय मी स्टेशनातच मुक्काम ठोकू का बे? गज्याचा पाय लहानपणी पोलिओत गेला, साइड व्हीलवाली गाडी चालवते, झेरॉक्सचं दुकान आहे, अन् आमच्या सगळ्यांत तोंड त्याचंच जास्त चालते.

तर वकील म्हणाले की याच फुटपाथवरून मुंबई हायकोर्टात केस चालली ना. तिकडे फुटपाथवर असे जवळजवळ खांब रोवले होते की व्हीलचेअर आत जातच नव्हती, कोर्टाने स्वतःहून विषय घेतला, आणि त्यात 2024 मध्ये बाहेर आलं की राज्याचं दिव्यांग सल्लागार मंडळ 2020 पासून बंद पडलेलं होतं, कारण काय तर अशासकीय सदस्यांच्या जागाच भरल्या नाहीत.

पिंट्या आमचा पार्टीवाला, तो लगेच उसळला. म्हणे हे मागच्या सरकारचं पाप. गज्याने त्याले तिथंच धरला, "अबे 2020 ते 2024 मध्ये ठाकरेंचं पण सरकार झालं अन् शिंदेंचं पण झालं, कोणतं मागचं सांगून राहिला तू?" अन् गंमत म्हणजे याच काळात, डिसेंबर 2022 मध्ये, दिव्यांग कल्याणचा वेगळा विभाग काढला. म्हणजे मंत्रालयात विभागाची पाटी नवी लागली, पण त्या विभागाले सल्ला द्यायचं मंडळ रिकामंच.

मास्तरांना मंडळ म्हणजे नेमकं काय तेच माहीत नव्हतं, खरं सांगायचं तर आमच्यातल्या अर्ध्या लोकांना नव्हतं. वकिलांनी सांगितलं ते थोडक्यात असं की 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या कलम 66 मध्ये प्रत्येक राज्याने असं मंडळ करायचं, खात्याचा मंत्री अध्यक्ष, अधिकारी असतात, आमदार असतात, आणि सरकारने नेमायचे ते वेगळे. पाच तज्ज्ञ, पाच जण आळीपाळीने जिल्ह्यांचे, अन् दहा जण दिव्यांगांच्या संस्था-संघटनांचे, ते शक्यतो स्वतः दिव्यांग असावे. या दहात किमान पाच बाया, एक तरी एससी आणि एक तरी एसटी. मुदत तीन वर्षं, बैठक सहा महिन्यांत एकदा तरी.

"शक्यतो कायले?" गज्या. "महिला आयोगावर शक्यतो महिला असं लिहिलं तर चालेल का?"

इथून खरी चर्चा रंगली. मास्तरांचं म्हणणं की माणूस जाणकार पाहिजे, दिव्यांग असला काय नसला काय. गज्या म्हणे जाणकार तर पाच वेगळे ठेवलेच आहेत ना, या दहा जागा आमच्या आहेत. मग गुप्ते काकू, ज्या कट्ट्यावर बसत नाहीत पण भाजी घेता घेता अर्धा तास उभ्या राहतात, त्या मध्ये पडल्या. त्यांच्या पुतण्याला ऑटिझम आहे, पोरगा वीस वर्षांचा, बोलत नाही. त्या म्हणाल्या, "त्याच्या वतीने कोण जाईल रे? त्याची आईच ना? मग ती दिव्यांग नाही म्हणून बाहेर?" गज्या पहिल्यांदा गप्प बसला, मग म्हणे आईले घ्या, पण सगळ्या खुर्च्यांवर आईबाप अन् संस्थाचालक बसले की मोठ्या झालेल्या माणसाले पण लेकरूच समजतात ना काकू. मला दोघांचंही पटलं. पण संस्थाचालकांच्या बाबतीत मी गज्याच्या बाजूने आहे, ज्याची शाळा सरकारी अनुदानावर चालते तो मंत्र्यासमोर अनुदान सोडून दुसरं काय बोलणार?

आणि दिव्यांग म्हटलं तरी कोणते? कायद्यात 21 प्रकार आहेत. गज्याने स्वतःच कबूल केलं की दरवेळी पायवाले अन् डोळ्यांनी न दिसणारे पुढे असतात, मोर्च्यातही तेच, निवेदनातही तेच. कर्णबधिर माणूस नेमला आणि बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवला नाही तर तो काय चहा-बिस्किट खाऊन परत येईल? मानसिक आजारवाल्यांचं तर अजूनच विचित्र, त्याच कायद्यात लिहिलं आहे की कोर्टाने ज्याला मनोविकल ठरवलं तो सदस्य होऊ शकत नाही. म्हणजे यादीत त्याचं नाव आहे, खुर्चीवर नाही. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा पिंट्यासुद्धा म्हणाला, "हे भलतंच आहे बाप्पा."

पिंट्याचा शेवटचा हुकमी पत्ता असा होता की सरकार आपलेच माणसं बसवणार, मग भरलं काय अन् रिकामं काय, सारखंच. याच्यावर मास्तरांनी अमेरिकेचं काढलं (पोरगा तिकडे आहे, काही ना काही निघतेच). तिथं नॅशनल कौन्सिल ऑन डिसॅबिलिटी आहे, त्या काळी 15 सदस्य, सगळे राष्ट्राध्यक्षाने नेमलेले, म्हणजे रेगनचीच माणसं. तरी त्यांनीच 1986 च्या अहवालात भेदभावाविरुद्ध कायदा करा असं सांगितलं आणि 1990 मध्ये तो कायदा झाला. आता तिथं नऊच जागा आहेत, त्यातल्या पाच राष्ट्राध्यक्ष भरतो आणि चार संसदेतले नेते. आपल्याकडे आमदार सोडले तर बाकी सगळी नावं एकाच टेबलावरून निघतात. मला वाटते पार्टीचा माणूस बसला तर निदान त्याचं नाव तरी माहीत होते, सहा महिन्यांनी त्याच्या दारात जाऊन उभं राहता येते. रिकाम्या खुर्चीले काय विचारणार? सरकारले तीच सगळ्यात स्वस्त पडते, ना प्रवासभत्ता ना विरोधाचं टिपण.

वकिलांनी अजून एक काढलं. कायद्यात असं आहे की मुदत संपली तरी नवीन माणूस येईपर्यंत जुनाच सदस्य राहतो. गज्या म्हणे, "राहून काय करून राहिला तो? बैठकच लावली नाही तर तो घरीच सदस्य आहे."

मग ठरलं की आरटीआय टाकायचा. मंडळाची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त द्या, आज सदस्य कोण, त्यांची निवड कशी केली, अर्ज मागवले होते का. मास्तरांना त्यात फुटपाथ, मेट्रो, पेन्शन सगळंच टाकायचं होतं. वकील म्हणाले नाही जमणार, राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. दिव्यांग कायद्याच्या कलम 72 खाली जिल्ह्याची पण समिती असते, तिचा अर्ज वेगळा करावा लागेल, दोन्हीचे दहा-दहा रुपये. पिंट्या म्हणे जिल्ह्यावाल्या अर्जावर मी सही करतो, मंडळावाल्यावर माझं नाव नका टाकू.